निखाऱ्यांच्या क्रमाने मेनू: उन्हाळी ग्रिलिंगमध्ये देशोदेशींच्या चवी कशा आखाव्यात

उन्हाळ्याच्या संध्याकाळी ग्रिल पेटवण्याची हौस पहिल्या दोन-तीन वेळा मोठ्या उत्साहाने पार पडते आणि नंतर मेनू तोच तो होऊ लागतो. तेच मसाला चोळलेले चिकन, कांदा आणि ढोबळी मिरची ओवलेल्या त्याच सळया, तोच बाटलीतला सॉस. याचा कंटाळा आला की बहुतेक जण एकदम दुसरे टोक गाठतात आणि एकाच जेवणात निम्मे जग बसवायला निघतात. मीही एका मोठ्या जेवणासाठी असा घाट घातला होता. सहा देशांचे सहा पदार्थ, सहा प्रकारची मॅरिनेड, म्हणजे मुरवण्याची मिश्रणे, आणि सहा सॉस. गोड सोया सॉसमध्ये माखलेले चिकन एका बाजूला करपत होते, त्याच वेळी लिंबात जास्त मुरलेला मासा जाळीला चिकटून तुटत होता, आणि पाहुण्यांच्या ताटांत शेंगदाण्याच्या सॉसमध्ये दह्यातली काकडी मिसळत होती. एकेक पदार्थ सुटा चाखला तर चांगला होता. जेवण म्हणून मात्र ते जमले नाही. तेव्हापासून मेनू आखताना मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. एका संध्याकाळी एकाच प्रदेशाची चव ठेवायची, आणि पदार्थांचा क्रम निखाऱ्यांच्या धगीवरून ठरवायचा. विविधता हवी असते ती संपूर्ण हंगामात. एकाच ताटात ती कोंबली की कोणत्याच चवीला जागा उरत नाही.

आधी आग, मग पाककृती

कोळसा पेटल्यापासून विझेपर्यंत त्याची धग एकसारखी राहत नाही, आणि मेनूचा खरा सांगाडा या उतरत्या धगीतच दडलेला असतो. कोळसा पेटवण्याच्या उभ्या नळकांड्यात कोळसे भरून खाली कागद पेटवला, तर साधारण २० ते ३० मिनिटांत वरच्या कोळशांवरही करडी राख धरते. ती धरेपर्यंत जाळीवर काहीही ठेवण्याची घाई करू नये. त्यानंतरचा साधारण अर्धा तास धग सर्वांत प्रखर असते, पुढचा अर्धा-पाऊण तास ती मध्यम राहते आणि मग हळूहळू मंदावत जाते. कोळशाचा प्रकार, वारा आणि ग्रिलचे झाकण यांमुळे हा हिशेब पुढेमागे होतो, म्हणून घड्याळापेक्षा हाताचा अंदाज अधिक विश्वासार्ह. जाळीच्या वर सुमारे १२ सेंटिमीटर अंतरावर तळहात धरावा. २-३ सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच तीव्र आहे, ४-५ सेकंद धरवला तर मध्यम आहे, आणि ८-१० सेकंद सहज धरता आला तर मंद आहे. गॅसच्या ग्रिलवर धगीची ही उतरण आपोआप मिळत नाही, पण बर्नर कमीजास्त करून ती हवी तेव्हा आणता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे निखारे सगळ्या जाळीखाली सारखे पसरू नयेत. ते एका बाजूला रचावेत आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. गॅसच्या ग्रिलवर एका बाजूचा बर्नर बंद ठेवला की तेच साधते. अडीच सेंटिमीटरपर्यंत जाडीचे तुकडे, कोळंबी, पातळ काप आणि भाज्या थेट आचेवर होतात. हाडासकट चिकन किंवा मांसाचा जाड तुकडा आधी रिकाम्या बाजूला झाकणाखाली आतपर्यंत शिजवावा आणि शेवटी निखाऱ्यांवर आणून खरपूस करावा. चरबी गळून ज्वाळा उठल्या, तर पदार्थ सरकवण्यासाठीही हीच रिकामी बाजू उपयोगी पडते. ज्वाळांवर पाणी मारू नये. त्याने राख उडून अन्नावर बसते.

भाजलेल्या पदार्थाची जी तपकिरी, खमंग चव आपल्याला हवी असते, तिच्यामागच्या रासायनिक क्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केले. प्रथिने आणि शर्करा यांच्यातील ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे जोमाने होते. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत मात्र तिथले तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही. म्हणूनच मॅरिनेडमधून काढलेले तुकडे जाळीवर टाकण्यापूर्वी निथळून, कागदी रुमालाने टिपून घ्यावेत. ओलसर तुकडा भाजला जाण्याऐवजी वाफवला जातो. साखरेची अडचण याच्या उलट आहे. साधी साखर १६० ते १७० अंशांच्या आसपास करपण्याच्या वाटेला लागते, मधातली फळशर्करा त्याहूनही लवकर, आणि तापलेली जाळी २३० अंशांच्या पुढे सहज जाते. गोड सॉस पहिल्यापासून लावला की बाहेरून काळे आणि आतून कच्चे चिकन मिळते ते यामुळेच. गोड लेप नेहमी शेवटच्या ३ ते ५ मिनिटांत लावावा.

एवढे लक्षात घेतले की मेनूचा क्रम जवळजवळ स्वतःच ठरतो. प्रखर धगीवर पाहुण्यांना हातात धरून खाता येतील असे झटपट पदार्थ करावेत, म्हणजे कोळंबी, कणसे, मिरच्या, पातळ कापांच्या सळया. मध्यम धगीवर मुख्य पदार्थ करावा. मंदावलेल्या निखाऱ्यांवर पाव, चीज आणि फळे ठेवावीत. तीनपेक्षा अधिक पदार्थ एका वेळी जाळीवर सांभाळण्याचा प्रयत्न एकट्याने करू नये. माझा नेहमीचा साचा असा असतो: ग्रिलवरचे दोन पदार्थ, ग्रिलवरची एक भाजी, आधी करून ठेवलेली दोन थंड सॅलड आणि पाव किंवा भात. माणशी १५० ते २०० ग्रॅम हाडाविना कच्चे मांस पुरते. हाडासकट असेल तर २५० ते ३०० ग्रॅम धरावे.

प्रदेशाची चव कशी ओळखावी

प्रत्येक प्रदेशाच्या भाजण्याच्या परंपरेत आंबट, खारट, स्निग्ध, सुगंधी अशांपैकी चार मुख्य घटक असतात, आणि ते चार कोणते हे सांगता आले की अख्खे जेवण त्यांतून उभे राहते. पूर्व भूमध्य प्रदेशात लिंबू, ऑलिव्ह तेल, दही आणि सुमाक (आंबट, तांबडा मसाला) किंवा ओरेगॅनो. आग्नेय आशियात फिश सॉस, लिंबाचा रस, नारळ किंवा शेंगदाणा, गवती चहा. जपान आणि कोरियात सोया सॉस, तीळ, आले आणि थोडी साखर. अर्जेंटिनात जाडे मीठ, व्हिनेगर, लसूण आणि पार्सली. मॅरिनेड, सॉस आणि सॅलड हे तिन्ही याच चार घटकांतून केले, तर पदार्थ वेगवेगळे असूनही ताट एकजीव लागते आणि खरेदीची यादीही आटोपशीर राहते. गवती चहाची एक जुडी आणली तर तिचा पांढरा भाग वाटणात जातो, पाती ब्रशसारख्या वापरता येतात आणि उरलेले सरबतात उकळता येते.

चवीचा भार मॅरिनेडवर टाकण्यापेक्षा सॉसवर टाकावा, असे माझे ठाम मत आहे. मीठ मांसात खोल मुरते. बाकीचे बहुतेक सुगंध पृष्ठभागाच्या फारसे आत जात नाहीत. त्यामुळे १२ तास मुरवूनही जे साधत नाही, ते भाजल्यानंतर लगेच ओतलेल्या ताज्या, आंबट सॉसने साधते. शिवाय मिठाखेरीज काही न लावलेले चिकन भाजून बाजूला दोन सॉस ठेवले, तर तिखट न खाणाऱ्यांचीही सोय होते.

जपानी संध्याकाळ, अगदी जवळून

यासाठी याकितोरीपासून, म्हणजे सळईवर भाजलेल्या चिकनपासून, सुरुवात करणे मला सर्वांत शिकवणारे वाटते, कारण त्यात आगीवाचून लपायला दुसरे काही नसते. ‘नेगिमा’ या प्रकारात चिकनच्या मांडीचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे आणि तेवढेच लांब पातीच्या कांद्याचे जाड पांढरे तुकडे आळीपाळीने ओवतात. तुकडे एकमेकांना घट्ट टेकलेले असावेत, म्हणजे आतला रस टिकतो. बांबूच्या सळया किमान अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. शक्य असल्यास मधली जाळी काढून सळयांची दोन टोके दोन आडव्या पट्ट्यांवर टेकवावीत. मांस कुठेही धातूला लागत नाही, चिकटत नाही आणि उलटणे सोपे जाते.

सळई निखाऱ्यांवर गेली की पहिल्या मिनिटात काहीच घडल्यासारखे दिसत नाही. मग तुकड्यांच्या कडा पांढुरक्या होतात, कातडीवर बारीक बुडबुडे येतात आणि चरबीचा पहिला थेंब निखाऱ्यावर पडून चर्र आवाज करतो. इथून पुढे दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला सळई फिरवत राहावे. कांद्याच्या पापुद्र्यांच्या कडा काळसर झाल्या आणि चिकनचा पृष्ठभाग कोरडा, सोनेरी दिसू लागला, की सळई ‘तारे’ नावाच्या सॉसमध्ये बुडवून पुन्हा आगीवर धरावी. सॉस अर्ध्या मिनिटात चकाकत घट्ट बसतो. मग पुन्हा बुडवावी आणि पुन्हा धरावी. दोन-तीन वेळा असे केले की पातळ थरांवर थर चढत जातात, आणि एकदाच जाड लेप लावून ती चव कधीच येत नाही. ‘तारे’साठी सोया सॉस, मिरिन (तांदळाचे गोड मद्य) आणि साके (तांदळाचे मद्य) समप्रमाणात घेऊन थोड्या साखरेसह चमच्याला चिकटेल इतके आटवावे. मद्य टाळायचे असल्यास मिरिन आणि साकेऐवजी पाणी आणि थोडी जास्त साखर घ्यावी. अर्धवट शिजलेले चिकन बुडवलेला सॉस टेबलावर न्यायचा असेल तर तो पुन्हा खळखळून उकळावा. खाण्यासाठीचा सॉस आधीच वेगळा काढणे त्याहून उत्तम.

जपानमध्ये यासाठी ‘बिंचोतान’ हा उबामे ओकच्या लाकडाचा कोळसा नावाजला जातो आणि वाकायामा हा त्याचा प्रसिद्ध प्रदेश. तो फारसा धूर न करता दीर्घकाळ प्रखर तापतो. तो मिळाला नाही तरी अडत नाही. कठीण लाकडाचा चांगला कोळसा पुरेसा होतो. सोबतीला शिताके मशरूम नुसत्या मिठावर भाजावेत, वांग्याचे अर्धे काप भाजून त्यांवर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) आणि साखरेचा लेप शेवटच्या दोन मिनिटांत लावावा, आणि काकडीचे तीळ-व्हिनेगरमधले थंड सॅलड व साधा भात ठेवावा. शाकाहारी पाहुण्यांसाठी हा मेनू जवळजवळ तसाच चालतो. टोफू घट्ट दाबून, पाणी काढून सळईवर घ्यावा. फिश सॉस किंवा माशाचा अर्क सॉसमध्ये येणार नाही एवढे मात्र पाहावे.

अर्जेंटिनाची सावकाश आग

‘असादो’ या अर्जेंटिनातील मांस भाजण्याच्या परंपरेची पद्धत याकितोरीच्या नेमकी उलट आहे. तिथे सळया नाहीत, लेप नाहीत, आणि मांसाला जाड्या मिठाखेरीज फारसे काही लावले जात नाही. लाकूड बाजूला पेटवतात आणि तयार झालेले निखारे थोडे थोडे ओढून ‘पारिया’ नावाच्या जाळीखाली पसरतात. जाळीखाली ज्वाळा असू नये, केवळ निखारे असावेत, हा तिथला कटाक्ष. बरगड्यांचे मोठे तुकडे हाडाची बाजू खाली ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास तसेच राहू देतात आणि शेवटी थोडा वेळ उलटतात.

मेनू आखणाऱ्याला या पद्धतीतून सर्वांत मोठी शिकवण मिळते ती क्रमाची. आधी चोरिसो सॉसेज तयार होतात आणि पावात घालून दिली जातात. त्याच सुमारास प्रोव्होलोन चीजची जाड चकती ओरेगॅनो टाकून बाहेरून खरपूस आणि आतून मऊ होईपर्यंत भाजतात, तिला ‘प्रोव्होलेता’ म्हणतात. मोठे तुकडे त्यानंतर येतात. लोक दोन तास उपाशी बसत नाहीत आणि यजमानालाही घाई राहत नाही.

सोबतीला चिमिचुरी हवीच. एक वाटी बारीक चिरलेली पार्सली, चार लसूणपाकळ्या, एक छोटा चमचा सुका ओरेगॅनो, अर्धा छोटा चमचा मिरचीचे तुकडे, दोन-तीन मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर, अर्धी वाटी तेल आणि मीठ. सगळे सुरीने चिरावे. मिक्सरमध्ये फिरवले की त्याची हिरवी पेस्ट होते आणि पार्सलीचा ताजेपणा जातो. तासभर मुरू द्यावी. सोबत टोमॅटो-कांद्याचे सॅलड आणि निखाऱ्यांत भाजलेले बटाटे पुरतात. हा मेनू दीर्घ आगीचा असल्यामुळे उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात तो घेऊ नये. हंगामाच्या सुरुवातीला किंवा अखेरीस, संध्याकाळी हवा उतरलेली असताना तो शोभतो.

इतर काही संध्याकाळी

तुर्कस्तानातील अदाना कबाबासाठी खिम्यात सुमारे पाचवा हिस्सा चरबी असावी आणि मीठ, लाल मिरची घालून तो हाताला चिकटेपर्यंत मळावा. कबाब सळईवरून गळून पडतो तो बहुधा कमी मळल्यामुळे किंवा खिमा कोमट झाल्यामुळे. सळई रुंद, चपटी घ्यावी, म्हणजे उलटताना खिमा सळईभोवती फिरत नाही, आणि भाजण्यापूर्वी तासभर ती फ्रिजमध्ये ठेवावी. पातळ पाव मधूनमधून कबाबांवर दाबून त्यांची चरबी टिपून घ्यावी आणि त्याच पावावर सुमाक लावलेल्या कांद्यासह वाढावे. टोमॅटो आणि मिरच्या वेगळ्या सळयांवर ओवाव्यात. मांस आणि भाजी एकाच सळईवर घेण्याची सवय मला सर्वत्र दिसते आणि ती मोडावीशी वाटते, कारण टोमॅटो ४ मिनिटांत फुटतो, कांदा १० मिनिटांनंतरही करकरीत राहतो आणि मांसाचा वेळ या दोन्हींशी जुळत नाही.

जमैकाच्या जर्क चिकनमध्ये ऑलस्पाइस (मिरीसारखे दिसणारे सुगंधी दाणे), स्कॉच बॉनेट ही अतितिखट मिरची, थाइम, पातीचा कांदा, आले आणि लसूण यांचे वाटण असते. जंगलातल्या डोंगरी भागांत वसलेल्या मरून समाजाशी, म्हणजे गुलामीतून निसटून स्वतंत्र राहिलेल्या लोकांशी, आणि बेटावरच्या मूळच्या ताइनो लोकांशी या पद्धतीचे नाते सांगितले जाते. पोर्टलंड परगण्यातील बॉस्टन बे हे ठिकाण तिच्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. तिथे ऑलस्पाइसच्या झाडाचेच लाकूड वापरतात. ते नसेल तर अख्खे ऑलस्पाइस दाणे पाण्यात भिजवून निखाऱ्यांवर टाकावेत आणि झाकण लावावे. चिकन रात्रभर मुरवून रिकाम्या बाजूवर भाजावे. स्कॉच बॉनेट हाताळताना हातमोजे घालावेत. ही खबरदारी अजिबात टाळण्यासारखी नाही. नारळाच्या दुधातला राजमा-भात आणि थंड अननस यांनी तिखटाचा तोल राखला जातो.

इंडोनेशिया आणि मलेशियातील साते, म्हणजे सळईवर भाजलेले मांस, पातळ, लहान तुकड्यांचे असते, म्हणून ते प्रखर धगीच्या पहिल्या अर्ध्या तासात उरकते. हळद, धणे आणि गवती चहाचे वाटण लावावे, आणि गवती चहाचा देठ एका टोकाला ठेचून त्याच्याच ब्रशने भाजताना नारळाचे दूध शिंपडावे. बालीमध्ये माशाचा खिमा ओल्या नारळासह गवती चहाच्या देठावर लपेटून भाजतात. धातूची सळई नसली तरी हरकत नाही, आणि देठाचा वास आतून लागतो. काकडी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याचा सॉस सोबत असला की आणखी काही नको. नायजेरियाच्या हौसा लोकांचा ‘सुया’ही शेंगदाण्यावरच उभा आहे, पण त्याची चव अगदी निराळी लागते. त्यात तेल काढलेल्या शेंगदाण्याचा कोरडा कूट, सुंठ आणि मिरची यांचे ‘याजी’ हे मिश्रण मांसाच्या पातळ कापांना चोळतात आणि वाढताना वरून पुन्हा भुरभुरतात. याच कारणासाठी हे दोन मेनू लागोपाठच्या आठवड्यांत ठेवू नयेत. पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची अॅलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारावे.

भाजीची संध्याकाळ वेगळी असावी

शाकाहारी पाहुण्यांसाठी कोपऱ्यात दोन मशरूम भाजून देणे मला पटत नाही. हंगामात किमान दोन संध्याकाळी पूर्ण भाजीच्या असाव्यात, कारण काही परंपरा आगीवर भाजी मांसाइतक्याच ताकदीने पेलतात. स्पेनच्या कॅटलोनियात वांगी, लाल मिरच्या आणि कांदे अख्खे काळे होईपर्यंत भाजून, सोलून, ऑलिव्ह तेलात घालतात, त्याला ‘एस्कालिवादा’ म्हणतात. तिथलाच रोमेस्को सॉस भाजलेला टोमॅटो, सुकी लाल मिरची, बदाम किंवा हेझलनट, लसूण आणि व्हिनेगर यांतून होतो आणि कोणत्याही भाजलेल्या भाजीला भारदस्तपणा आणतो. मेक्सिकोत भाजलेल्या कणसाला मलईदार सॉस, चुरलेले खारट कोतिखा चीज, मिरचीपूड आणि लिंबू लावून ‘एलोते’ करतात. कणसे सोलून थेट तीव्र आचेवर ८ ते १० मिनिटे फिरवत ठेवली की दाण्यांवर काळसर ठिपके उमटतात आणि तेवढे पुरे. सायप्रसचे हलुमी चीज आगीवर वितळत नाही, जाड काप तेल लावून प्रत्येक बाजूने दोन-दोन मिनिटे ठेवले की त्यांना तपकिरी कवच येते. ते गरमच खावे, गार झाल्यावर रबरासारखे लागते. मांसही होणार असेल तेव्हा भाज्यांसाठी जाळीचा एक भाग, चिमटा आणि ताट वेगळे ठेवणे हा साधा आदर आहे.

हंगामाची मांडणी

कागदावर आठ आठवडे मांडावेत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: मुख्य चव कोणती, आग किती वेळ लागेल आणि तयारी किती. गोड-खारट सोया सॉसच्या संध्याकाळीनंतर आंबट आणि हिरव्या चवीची संध्याकाळ घ्यावी. दीर्घ आगीनंतर झटपट आग, मांसानंतर मासे किंवा भाजी. माझ्या पसंतीचा एक क्रम असा आहे की असादोने सुरुवात करावी, मग मेक्सिकोची कणसे आणि भाजलेल्या टोमॅटोचा सालसा, मग याकितोरी, त्यानंतर ग्रीक सुवलाकी (सळईवरचे भाजलेले मांस) आणि दही-काकडीची झाझिकी, ऐन उन्हाळ्यात साते किंवा लिंबू-फिश सॉसमधली व्हिएतनामी धाटणीची सळई भरपूर कच्च्या पालेभाजीसह, मग एस्कालिवादा, मग जर्क आणि शेवटी सुया. हा क्रम तंतोतंत पाळण्याची गरज नाही. कोळंबी ताजी मिळाली तर त्या दिवशी कोळंबीच करावी.

तयारीचे वेळापत्रक मॅरिनेडवरून बसवावे. दह्याचे आणि जर्कचे मॅरिनेड आदल्या रात्री चालते. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये मासा १५ ते ३० मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, कारण आम्लामुळे त्यातली प्रथिने न शिजवताच घट्ट होतात आणि मग तो भाजताना भुगा होतो. ताजा अननस, पपई आणि किवी यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. तासाभरात ती मांस मऊ करतात आणि त्याहून जास्त वेळ ठेवले तर पृष्ठभागाचा लगदा होतो. डबाबंद अननस उष्णतेने प्रक्रिया केलेला असल्यामुळे त्यात हा गुण उरत नाही. सॉस आणि थंड सॅलड सकाळी करून ठेवावीत, म्हणजे कोळसा पेटल्यावर यजमानाला आगीपाशी थांबता येते.

उन्हाळ्यात अन्न बाहेर ठेवण्याबाबत हयगय नको. ४ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेले किंवा कच्चे अन्न २ तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासाची मर्यादा पाळावी. चिकनच्या आतले तापमान ७४ अंश, खिम्याचे ७१ अंश, माशाचे ६३ अंश आणि अख्ख्या मांसाच्या तुकड्याचे ६३ अंश व त्यानंतर ३ मिनिटांची विश्रांती असा हिशेब ठेवावा. सुईचा थर्मामीटर घ्यावा. रंगावरून अंदाज बांधण्यात मी फसलो आहे. कच्चे मांस ज्या ताटात आणले त्यात भाजलेले काढू नये. आणि पाऊस आला म्हणून कोळशाची ग्रिल घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद ओसरीत कधीही नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि विझत आलेले निखारेही तो सोडत राहतात.

उतरत्या आगीचा शेवटचा तास

जेवण वाढून झाल्यावर बहुतेक जण ग्रिलकडे पाठ फिरवतात, तेव्हा तिच्यात अजून एका पदार्थाची धग शिल्लक असते. ब्राझीलच्या चुरास्कोमध्ये, म्हणजे तिथल्या मांस भाजण्याच्या परंपरेत, अननसाला दालचिनी आणि साखर लावून भाजतात. पीचचे अर्धे तुकडेही मंद आचेवर, कापलेली बाजू खाली ठेवून ४-५ मिनिटांत मऊ होतात. जाळी आधी घासून, तेलाचे फडके फिरवून घ्यावी, नाहीतर फळाला माशाचा वास लागतो.

त्यानंतरही निखारे उरले असतील तर दोन-तीन मोठी वांगी टोचे मारून थेट निखाऱ्यांवर ठेवावीत आणि अधूनमधून चिमट्याने फिरवावीत. अर्ध्या तासात ती पूर्ण काळी पडून खाली बसतात आणि देठापाशी दाबले तर आत काहीच विरोध जाणवत नाही. ती झाकणाच्या भांड्यात १५ मिनिटे ठेवली की साल हाताने सुटते. गर चाळणीत निथळत ठेवावा, कारण त्यातले कडवट पाणी निघाले नाही तर सगळे पांचट होते, आणि मग तो फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यात ताहिनी (तिळाची पेस्ट), लिंबाचा रस, ठेचलेला लसूण आणि मीठ घालून काट्याने कालवावे, वरून ऑलिव्ह तेल सोडावे आणि आदल्या रात्रीचा उरलेला पाव गरम करून त्यासोबत खावा.